अर्धशिशीवर इंजेक्शन घेण्याआधी

काय करावे

• आधी दिवस मोजा. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर डोकं दुखलेल्या तारखेला फुली मारा, गोळी घेतली तर शेजारी गोल काढा. महिन्यात १५ किंवा जास्त दिवस डोकेदुखी, त्यातले किमान ८ दिवस अर्धशिशीचे, आणि हे तीन महिन्यांहून अधिक काळ चालू, अशांसाठीच बोटॉक्सचं इंजेक्शन आहे. अमेरिकेत त्याला २०१० मध्ये मान्यता मिळाली. महिन्यातून दोनदा डोकं दुखणाऱ्याने त्यावर पैसे घालू नयेत.

• निदान न्यूरॉलॉजिस्टकडून करून घ्या. उलटी झाली की बरं वाटतं म्हणून कित्येक बायका वर्षानुवर्षं ‘पित्ताचं डोकं’ म्हणत अंगावर काढतात. ते फार वाईट वाटतं, कारण उपचार हाताशी असतो.

• काय होणार ते नीट विचारून घ्या. बोटॉक्समध्ये कपाळ, कानशिलं, डोक्याची मागची बाजू, मान आणि खांदे मिळून ३१ ठिकाणी बारीक सुईने १५५ युनिट औषध देतात, दर १२ आठवड्यांनी. भरती व्हावं लागत नाही. ऑक्सिपिटल नर्व्ह ब्लॉकमध्ये डोक्याच्या मागच्या नसेजवळ भुलीचं औषध देतात, कधी सोबत स्टेरॉईड. मागची बाजू काही तास बधिर राहते, घाबरू नका.

• मधुमेह, गरोदरपण, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या, स्नायूंचा आजार, सगळं आधी सांगा. स्टेरॉईडने साखर काही दिवस चढू शकते.

काय टाळावे

• बोटॉक्सच्या पहिल्याच फेरीनंतर ‘काही फरक नाही’ म्हणून सोडू नका. दोन-तीन फेऱ्यांनंतर फुल्या मोजा, मग ठरवा.

• सुरकुत्या घालवणाऱ्या क्लिनिकमध्ये हे उरकू नका. तिथली मात्रा आणि टोचायच्या जागा वेगळ्या असतात.

• मेडिकलमधून गोळ्यांची पाकिटं आणणं थांबवा. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ दिवस, ट्रिप्टान (अर्धशिशीची खास गोळी) किंवा मिश्र वेदनाशामक गोळी १० दिवस झाली की गोळीच डोकं दुखवू लागते.

• ‘कायमचं बरं करू’ म्हणणाऱ्याला आगाऊ पैसे देऊ नका.

• बोटॉक्सनंतर मान दुखली किंवा पापणी थोडी उतरली तर डॉक्टरांना कळवा. ते बहुधा काही आठवड्यांत ओसरतं. पण गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका, लगेच हॉस्पिटल गाठा. कधी नव्हे इतकं डोकं एकदम भडकलं, बोलणं अडखळलं किंवा हातपाय लुळे पडले, तरीही तसंच.