आधी आगोट, मग हत्यारं

16 मे 2021चा रविवार. तौक्ते वादळ रत्नागिरीच्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे सरकत होतं. वीज केव्हाच गेली होती. मी आणि माझी लेक गॅरेजमध्ये टॉर्च घेऊन उभ्या होतो आणि शटरखालून लाल पाणी आत येत होतं. जांभ्याची माती मिसळलेलं ते पाणी आधी फरशीभर पसरलं, मग भिंतीला टेकवलेल्या सागाच्या फळ्यांना लागलं आणि नव्या वर्कटेबलाच्या पायांशी साचलं. आम्ही पोती, जुन्या चादरी, हाताला लागेल ते शटरच्या फटीत कोंबलं. पाणी काही थांबलं नाही.

हे आमचं पहिलं स्वतःचं घर. त्याआधी सतरा वर्षं भाड्याच्या घरात काढली. तिथे भिंतीत एक खिळा ठोकायचा तरी मालकांना विचारावं लागे. लाकूडकामाची मला लहानपणापासून ओढ, पण रंधा मारायला जागा कधी मिळाली नाही. जानेवारीत नाचणे भागातल्या या घराची वास्तुशांत झाली. आमच्याकडे चारचाकी नव्हती, त्यामुळे दहा बाय सोळाचं गॅरेज माझ्या वाट्याला आलं. फेब्रुवारी ते एप्रिल मी खरेदीच करत राहिले. ड्रिल, चार इंची ग्राइंडर, पात्यांना धार लावायला बेंच ग्राइंडर, दोन रंधे, पटाशांचा संच, शिकंजे, फळ्या, प्लाय. त्या तीन महिन्यांत मी जमिनीचा उतार पाहिला नाही, भिंत कुठल्या दिशेला आहे ते पाहिलं नाही, विजेचा बोर्डही उघडून घेतला नाही.

कोकणात पावसाआधी आगोट करतात. लाकडं आत घेणं, कौलं चाळणं, पश्चिमेला झाप बांधणं, मीठ-मसाला भरून ठेवणं. माझ्या आजोळी मेमध्ये यापलीकडे दुसरं काम नसायचं. हे सगळं पाहत वाढलेली मी, स्वतःच्या गॅरेजची आगोट मात्र विसरले. पुढच्या दोन वर्षांत मला जे सोसावं लागलं, ते या एका विसरण्यातून आलं. रत्नागिरीत किंवा किनाऱ्यालगत कुठेही घर घेऊन वर्कशॉपचं स्वप्न पाहणाऱ्या प्रत्येकासाठी हे लिहिते आहे. क्रम चुकवू नका. आधी पाणी, मग वीज, मग लाकूड, आणि हत्यारं सगळ्यांत शेवटी.

पाणी

रत्नागिरीत वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. तो सरळ पडत नाही. नैर्ऋत्येचा वारा त्याला आडवा मारतो. माझं शटर नेमकं पश्चिमेला, आणि गॅरेजची फरशी अंगणाच्या पातळीत. पाण्याला अडवणारं काहीच नव्हतं.

टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मस्थान मी शाळेपासून किती वेळा पाहिलं असेल. या फजितीनंतर पुन्हा गेले ती छप्पर बघायला. उतरतं कौलारू छप्पर भिंतीच्या कितीतरी पुढे आलेलं. पागोळ्या भिंतीपासून लांब पडाव्यात म्हणून आपल्या जुन्या घरांनी उंच जोतं, पुढे आलेलं छप्पर आणि पडवी एवढी सोय केली होती. आपण नव्या घरांत स्लॅब घातला आणि पडवी काढून टाकली. जांभा सच्छिद्र दगड आहे. बाहेरून गिलावा नसेल तर पश्चिमेची भिंत आषाढभर पाणी पीत राहते आणि आतल्या बाजूला पाझरते.

मग गवंड्याकडून तीन कामं करून घेतली. शटरबाहेर आडवी गटार आणि तिच्यावर जाळी. आत चार इंचांचा उंबरा, त्याला स्कूटर चढेल असा उतार. पश्चिमेला पत्र्याची चार फुटी पडवी. या तिन्हींचा मिळून खर्च माझ्या हत्यारांच्या निम्माही नव्हता.

तुम्हाला एकच सल्ला द्यायचा झाला तर असा देईन. पहिला पावसाळा गॅरेज रिकामं ठेवा. हातात खडू ठेवा. ओल भिंतीवर जिथवर चढेल तिथे रेघ ओढा, शेजारी तारीख लिहा. ऑगस्टपर्यंत ती भिंत तुम्हाला सांगून टाकेल की कपाट कुठे लावायचं, बोर्ड कुठे नको आणि लाकूड कुठे रचायचं.

गंज

त्या ऑगस्टमध्ये मी रंधा पेटीतून काढला. पातं सोडवलं. त्याच्या चकचकीत पाठीवर माझ्याच अंगठ्याचा ठसा गंजानं उमटला होता, एकेक रेष मोजता येईल इतका स्पष्ट. मे महिन्यात घामेजल्या हातानं मी ते पातं लावलं होतं आणि न पुसता पेटी बंद केली होती. घामातल्या मिठानं पुढचं काम केलं.

पावसाळ्यात बरणीतलं मीठ पाणावतं, म्हणून आपण त्यात तांदळाचे दाणे टाकतो. हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. किनाऱ्यावर हे मीठ वाऱ्याबरोबर येऊन लोखंडावर आधीच बसलेलं असतं. उन्हाळाभर ते कोरडं राहतं. जून लागला की ते ओलं होतं आणि गंज धरतो.

उपाय साधा आहे, पण रोजचा आहे. काम झालं की हत्यार कोरड्या फडक्यानं पुसायचं आणि पात्यावर मशीनच्या तेलाचा पातळ हात फिरवायचा. पावसाळ्यात हत्यारं घट्ट झाकणाच्या पेटीत, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवायची. पुड्या ओल शोषून भरल्या की पुन्हा तापवून कोरड्या करायच्या. रंधा सिमेंटच्या फरशीवर कधीच ठेवायचा नाही.

ग्राइंडरच्या कटिंग डिस्कनाही ओल बाधते, हे मला माहीत नव्हतं. या डिस्क राळेनं बांधलेल्या असतात आणि जुन्या झाल्या, दमट जागी पडल्या की कमकुवत होतात. म्हणून मधल्या धातूच्या कड्यावर मुदतीचं साल छापलेलं असतं, ते वाचा. चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण अकरा हजार फेरे घेतो. म्हणजे डिस्कची कड ताशी दोनशे किलोमीटरच्या वर वेगानं धावत असते. ती फुटली तर तिचा तुकडा त्याच वेगानं सुटतो. गार्ड काढून, चष्म्याशिवाय ग्राइंडर चालवू नका. आणि लाकूड कापायचं दातेरी पातं त्याला कधीही लावू नका.

वीज

आता जे सांगते ते नीट वाचा.

मे 2022. पाऊस अजून आलेला नव्हता. लेकीनं गॅरेजची फरशी धुतली आणि अनवाणीच बेंच ग्राइंडरवरची पटाशी उचलायला गेली. तिचा हात मशीनच्या अंगाला लागला आणि ती किंचाळून मागे फेकली गेली. दंडापर्यंत झिणझिण्या. मी धावत जाऊन मेन स्विच पाडला. तिचं रडणं थांबलं तरी माझे हात बराच वेळ कापत होते.

बोर्डात अर्थिंगची हिरवी वायर होती. एमसीबी होता. मग हे झालं कसं? जाणत्या वायरमननी दुसऱ्या दिवशी अर्थ टेस्टर लावून दाखवलं. "वहिनी, वायर आहे, पण ती जिथे जाते तिथे माती कुठाय?" पाइप पुरला होता जांभ्यावरच्या भरावात. जांभ्यातून पाणी झरझर निघून जातं. एप्रिल-मेमध्ये तो भराव ठणठणीत कोरडा होतो आणि कोरड्या जमिनीतून वीज सहज जात नाही. टेस्टरचा काटा शंभर ओहमच्या पुढे गेला होता.

याचा अर्थ समजून घ्या. 230 व्होल्ट आणि 100 ओहम, म्हणजे गळणारी वीज सव्वादोन अँपिअरच्या आसपास. सोळा अँपिअरचा एमसीबी एवढ्यानं पडतच नाही. मशीनच्या अंगात वीज तशीच राहते. आणि माणसाचा जीव जायला अँपिअरचा अगदी छोटा अंश पुरतो. एमसीबी वायर वाचवतो. माणूस वाचवायला आरसीसीबी लागतो. तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी इतकीशी गळती झाली तरी डोळ्याचं पातं लवायच्या आत वीज तोडतो. तो आमच्या घरात नव्हता.

आम्ही घराच्या उताराकडे, जिथे धुण्याचं पाणी जातं तिथे, खोल मातीत दोन नवे अर्थिंग खड्डे घेतले. कोळसा आणि मीठ घालून पाइप पुरले, दोन्ही एकमेकांना जोडले. टेस्टरचा काटा एकअंकी ओहमवर आला. मार्चपासून पाऊस लागेपर्यंत त्या खड्ड्यांत बादलीभर पाणी ओतणं हे घरातलं नेमाचं काम झालं. मुख्य बोर्डात आरसीसीबी बसवला. गॅरेजला स्वतंत्र लाइन, सोळा अँपिअरचे सॉकेट, आणि बोर्ड कमरेच्या वर, पूर्वेच्या कोरड्या भिंतीवर. कामाच्या जागी रबरी चटई अंथरली आणि अनवाणी शिरायला मनाई केली.

पैसे घेऊन कामं करायचा विचार असेल तर आधी महावितरणच्या कार्यालयात जाऊन घरगुती जोडणीवर ते चालेल का, हे विचारून घ्या.

लाकूड

वर्कटेबलासाठी मी साधी कमर्शियल प्लाय घेतली होती. श्रावणात तिच्या कडा फुगल्या आणि पदर सुटले. किनाऱ्यावर आयएस 710 शिक्क्याचीच मरीन प्लाय घ्या आणि कापलेल्या कडा सीलरनं बंद करा.

सागाच्या फळ्यांचं मी मेमध्ये एक कपाट केलं होतं, खण अगदी मापात बसवलेले. जुलैत एकही उघडेना. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत वाढतं. फूटभर रुंदीची सागाची फळी उन्हाळा ते पावसाळा तीनेक मिलिमीटर रुंदावते. पावस गावच्या एका म्हाताऱ्या सुतारकाकांना ते कपाट दाखवलं. त्यांनी खण हातात घेतला, कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "उन्हाळ्यात करताना पावसाला जागा ठेवावी." तेव्हापासून मी मेमध्ये केलेल्या खणाला फट ठेवते.

फळ्या जमिनीपासून फूटभर वर, भिंतीपासून वीतभर लांब, मध्ये पट्ट्या घालून रचा. वारा खेळतो, वाळवी लागत नाही. आणखी एक कारण आहे. आपल्या जिल्ह्यात फुरसं फार. दगडाखाली, लाकडांच्या ढिगात ते वेटोळं घालून बसतं आणि लाकडाच्याच रंगाचं दिसतं. टॉर्च मारल्याशिवाय ढिगात हात घालू नका.

भुसा साठू देऊ नका आणि एन-95 मास्क लावल्याशिवाय घासकाम करू नका. लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या यादीत आहे. अळशीचं तेल लावलेलं फडकं बोळा करून टाकू नका. ते आतल्या आत तापतं आणि आपोआप पेटतं. दोरीवर पसरून वाळवा, मग टाका. दुपारी एक ते चार मशीन बंद ठेवा. शेजारच्यांची झोप तुमच्या छंदाइतकीच मोलाची आहे.

आज सुरुवात करायची असती तर मी पैशांचे दोन भाग केले असते. पहिला भाग उंबरा, पडवी, अर्थिंग आणि आरसीसीबीला. उरलेल्यात एक रंधा, एक करवत, दोन पटाशा, एक गुण्या. बाकीची हत्यारं काम मागेल तशी येतात.

आता मेच्या शेवटच्या रविवारी आम्ही दोघी गॅरेजची आगोट करतो. गटार साफ, फळ्या वर, पाती तेलात. शेवटी लेक मुख्य बोर्डाजवळ जाते आणि आरसीसीबीवरचं चाचणीचं बटण दाबते. टक् आवाज होतो, दिवा जातो, आणि ती अंधारातूनच सांगते, "आई, चालू आहे." मग ती खटका वर करते. तो आवाज ऐकल्याशिवाय आमच्याकडे मशीन सुरू होत नाही. तुमच्याकडेही होऊ देऊ नका.