वकील फोन उचलत नाहीत, दाव्याचं काय?

प्रश्न : नगर-मनमाड रस्त्यावर ट्रकच्या धडकेत वडिलांचा पाय गेला. वकीलसाहेब म्हणतात दावा दाखल आहे, पण तारीख विचारली की फोन बंद. काय करावं? – एक वाचक, राहुरी

उत्तर : आधी दावा खरंच दाखल झालाय का, ते पाहा. सुधारित मोटार वाहन कायद्यात दाव्यासाठी अपघातापासून ६ महिन्यांची मुदत आहे, त्यामुळे आजच पाहा. ई-कोर्ट्स ॲपवर वडिलांचं नाव किंवा दाव्याचा १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक टाकला की तारखा दिसतात. रोजनामाही वाचा, तारीख कोणामुळे पडली ते त्यात कळतं. विमा कंपनीच तारखा मागत असेल, तर वकिलांवर चिडून उपयोग नाही.

दोष वकिलांचाच असेल, तर स्पीड पोस्टाने लेखी विचारणा करा. तरीही उत्तर नसेल, तर सरळ वकील बदला. जुने वकील ना-हरकत देत नसतील, तर दावा जिथे चालू आहे त्या न्यायाधिकरणाकडे परवानगी मागा. फी थकली म्हणून फाइल अडवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. डी. सक्सेना प्रकरणात स्पष्ट केलंय. भरपाईत टक्केवारी ठरवणं तर वकिलांच्या नियमांतच बसत नाही. सर्रास चालतं, ते वेगळं!

बार कौन्सिलकडे तक्रार करता येते, पण तिने दावा पुढे सरकत नाही. आधी नवं वकीलपत्र द्या.