अचानक विसर पडला तर



लागण, खोडवा, खते यांवर या पानातून आम्ही नेहमी लिहितो. ऊस पिकवणाऱ्या माणसाची प्रकृतीही तितकीच महत्त्वाची, म्हणून या वेळी विषय थोडा वेगळा.

पन्नाशी-साठीचा धडधाकट माणूस विहिरीच्या गार पाण्यात उतरतो, जड ओझे उचलतो किंवा एखादी वाईट बातमी ऐकतो, आणि थोड्या वेळाने विचारू लागतो, "मी इथं कसा आलो? आज वार कोणता?" उत्तर द्यावे, तर दोन मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न. बायको-मुलांना ओळखतो, स्वतःचे नाव सांगतो, बोलणे स्वच्छ, हातपाय ठीक. कोणी म्हणते बाहेरचं लागलं, कोणी म्हणते घेतली असेल. दोन्ही नव्हे.

याला 'ट्रान्झियंट ग्लोबल अम्नेशिया', म्हणजे तात्पुरता स्मृतिभ्रंश म्हणतात. अमेरिकेतील फिशर व ॲडम्स या डॉक्टरांनी १९६४ साली त्याचे सविस्तर वर्णन केले. मेंदूत दोन्ही कानशिलांच्या आतल्या बाजूस हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो; नव्या आठवणींची नोंद तिथे होते. वजनकाट्यावर गाडी यावी, वजन दिसावे, पण पावतीच छापू नये, तसा हा प्रकार. जुने दप्तर बहुतेक शाबूत असते. कधी मागच्या काही दिवसांचे किंवा वर्षांचेही त्या वेळेपुरते आठवत नाही. बहुधा काही तासांत, आणि चोवीस तासांच्या आत, काटा पूर्ववत चालू होतो. मधल्या वेळाची पावती मात्र पुढेही सापडत नाही. असे का होते, याचा पक्का उलगडा डॉक्टरांनाही अजून झालेला नाही. यावर वेगळे औषध लागत नाही आणि बहुतेकांना हा त्रास पुन्हा होत नाही.

मग दवाखान्यात न्यायचे कशाला, असे कोणी म्हणेल. खरी मेख इथेच आहे. अर्धांगवायूचा झटका, फिट, डोक्याला मार, मधुमेह्याची साखर उतरणे, यांतही माणूस गोंधळतो, आणि घरबसल्या फरक कळत नाही. अर्धांगवायूत गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. म्हणून 'झोपू द्या, सकाळी बघू' हे अजिबात चालणार नाही. १०८ ला फोन करावा. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, जीभ जड झाली, तर एक मिनिटही दवडू नये.

रुग्णाला स्वतःला काहीच सांगता येत नाही, त्यामुळे डॉक्टरांचे निदान बरेचसे सोबतच्या माणसावर अवलंबून असते. सुरुवात किती वाजता झाली, त्या आधी तो काय करत होता, पडला का, शुद्ध हरपली का, गोळ्या कोणत्या चालू आहेत, हे ज्याने पाहिले त्यानेच सोबत जावे. त्या दिवशी फवारणी केली असेल तर औषधाची बाटली बरोबर न्यावी. विषबाधेतही माणूस भ्रमिष्टासारखा वागतो. तोवर त्याला एकटे सोडू नये. ट्रॅक्टरची किल्ली काढून घ्यावी, मोटारीच्या पेटीला हात लावू देऊ नये. तोच प्रश्न वीस वेळा आला तरी चिडू नये, शांतपणे उत्तर द्यावे. तो मुद्दाम विचारत नसतो.