‘अलिबागहून आला आहे काय?’ : एका वाक्प्रचाराच्या निमित्ताने स्मरणरंजनाचा विचार

१

बदललेल्या गावाविषयीची हळहळ हा अर्वाचीन मराठी ललित गद्याचा रूढ विषय आहे. कोकणाच्या बाबतीत तर तो जवळजवळ एक संकेतच बनला आहे. नारळी-पोफळीची गर्द सावली, लाल मातीची वाट, निर्मनुष्य पुळण, आणि मग या साऱ्याच्या जागी आलेली गर्दी, हॉटेले व वाहनांच्या रांगा, अशी या लेखनाची ठराविक मांडणी असते. या मांडणीत आठवण नेमकी कोणाची आहे, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात अलिबाग आणि त्याचा परिसर यांच्या आधारे तो विचारण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रथम संज्ञेचा विचार करणे अगत्याचे आहे. ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द १६८८ साली योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने बाझेल येथे सादर केलेल्या प्रबंधात घडविला. घरी परतणे आणि वेदना या अर्थांचे दोन ग्रीक शब्द त्याने जोडले. घरापासून दूर राहिलेल्यांना जडणारा एक आजार त्याला या शब्दाने सांगावयाचा होता. मराठीत या संज्ञेसाठी दोन पर्याय वापरात आहेत. ‘स्मरणरंजन’ या शब्दात वेदनेचा अंश लोपला असून तिच्या जागी रंजन आले आहे. ‘गतकातरता’ या शब्दात मात्र कातर होणे, म्हणजे मनाचा थरकाप, शिल्लक आहे. हे दोन शब्द समीक्षेत बहुधा समानार्थी म्हणून योजले जातात. वास्तविक ते दोन भिन्न अनुभवांची नावे आहेत. गावाकडे पाहुणा म्हणून येणाऱ्याची आठवण पहिल्या प्रकारात मोडते, तर गावात ज्याचे काहीतरी गेले आहे त्याची आठवण दुसऱ्या प्रकारात. हा भेद अलिबागच्या उदाहरणात स्पष्टपणे दिसतो.

२

‘मी काय अलिबागहून आलो आहे?’ हा वाक्प्रचार मुंबईच्या बोलीत सर्वश्रुत आहे. ‘मला भोळा समजून फसवू नका’ हा त्याचा आशय. मुंबईच्या हिंदीतही तो तितकाच रुळलेला आहे. हा प्रयोग अपमानास्पद असल्याने त्यावर बंदी घालावी, अशी याचिका अलिबाग तालुक्यातील एका रहिवाशाने मुंबई उच्च न्यायालयात केली होती. प्रत्येक समाजावर विनोद होतच असतात, ते अपमान म्हणून घेऊ नयेत, अशा आशयाचे मत नोंदवून न्यायालयाने २०१९ च्या फेब्रुवारी महिन्यात ती फेटाळली.

न्यायालयाच्या दृष्टीने विषय तेथे संपला, परंतु भाषेच्या अभ्यासकाच्या दृष्टीने तो तेथे सुरू होतो. या वाक्प्रचारातील पंचमी विभक्ती विशेष लक्षणीय आहे. तो अलिबागेत राहणाऱ्या माणसाविषयी बोलत नाही. अलिबागहून निघून मुंबईत पोहोचलेल्या माणसाविषयी बोलतो. भाऊच्या धक्क्यावर लाँचमधून उतरलेला आणि शहराच्या व्यवहाराला अनभिज्ञ असलेला माणूस त्यात गृहीत धरलेला आहे. म्हणजेच भोळेपणा हा गावाचा गुण म्हणून त्यात येत नाही. शहरात उतरल्यावर शहराने त्या माणसावर लावलेली ती खूण आहे. आपल्या गावात हाच मनुष्य भरती-ओहोटीचे गणित, वाऱ्याची दिशा आणि जमिनीचा कस जाणणारा असतो. त्या ज्ञानाला धक्क्यावर किंमत नसते, एवढेच.

आज प्रवासाची दिशा उलटली आहे. मांडवा, सासवणे, आवास, किहीम, वरसोली, नागाव या पट्ट्यात मुंबईचे उद्योगपती, चित्रतारे आणि धनिक यांचे बंगले उभे राहिले आहेत. भाऊचा धक्का ते मांडवा ही मोटारींसह नेणारी रो-रो बोट मार्च २०२० मध्ये सुरू झाली आणि शहरातील मोटार तासाभरात अलिबागच्या किनाऱ्यावर उतरू लागली. वाक्प्रचारावरील याचिका फेटाळल्यानंतर अवघ्या महिन्याभराने, मार्च २०१९ मध्ये, किनारा नियमन क्षेत्राचे नियम मोडून बांधलेला किहीम येथील एका फरारी हिरे व्यापाऱ्याचा बंगला जिल्हा प्रशासनाने स्फोटकांनी पाडला. ‘अलिबागहून आलेला’ माणूस आज भोळा असेलच, असे कोणी म्हणू शकणार नाही. तरीही वाक्प्रचार टिकून आहे. गाव बदलले, तरी शहराच्या मनातील गाव बदलले नाही. वाक्प्रचाराची थट्टा आणि ललित गद्यातील हळहळ या दोहोंना अलिबाग भोळेच हवे आहे. एक त्याला हसते, दुसरी त्यासाठी उसासा टाकते.

३

स्मरणरंजनात्मक लेखनातील ‘पूर्वीचे शांत अलिबाग’ या प्रतिमेची ऐतिहासिक तपासणी केली असता काय आढळते? तीन उदाहरणे पुरेशी आहेत.

पहिले उदाहरण चुंबकीय वेधशाळेचे. मुंबईतील कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घेतल्या जात. मुंबईत विजेवर चालणारी ट्राम येणार हे निश्चित झाल्यावर त्या नोंदी बिघडणार होत्या, म्हणून १९०४ साली अलिबाग येथे नवी वेधशाळा सुरू करण्यात आली. येथील शांतता ही जणू शास्त्रीय मोजणीनेच प्रमाणित झाली. परंतु त्या शांततेचा अर्थ काय होता? मुंबईला वीज मिळणार होती आणि अलिबागला ती नजीकच्या काळात मिळणार नव्हती. ज्याला पाहुणा निवांतपणा म्हणतो, तो गावाच्या बाजूने पाहता अभाव असतो.

दुसरे उदाहरण चरी येथील शेतकऱ्यांच्या संपाचे. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ साली सुरू झालेला हा संप १९३९ पर्यंत चालला. खोतांच्या जमिनी कसण्यास कुळांनी नकार दिला. सुमारे सहा वर्षे शेते ओस राहिली आणि कुटुंबांनी लाकूडफाटा विकून व मोलमजुरी करून दिवस काढले. याच सुमारास मुंबईकर हवापालटासाठी या किनाऱ्यावर येत होते. किहीमच्या मुक्कामात सालिम अली यांनी सुगरण पक्ष्याच्या विणीचा केलेला प्रसिद्ध अभ्यास १९३० च्या सुमाराचा आहे. एकाच तालुक्यात, थोड्याच वर्षांच्या अंतराने, एकाला निवांत निरीक्षणाचा अवकाश मिळाला आणि दुसऱ्याला उपासमार सोसावी लागली. दोन्ही गोष्टी सत्य आहेत. आठवणींच्या लेखनात मात्र पहिलीच अधिक आढळते.

तिसरे उदाहरण ‘रामदास’ बोटीचे. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येच्या आदल्या दिवसांच्या लगबगीत, मुंबईहून रेवसकडे निघालेली ही बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत गावाकडे परतणाऱ्यांची संख्या मोठी होती. लाँचचा तो रम्य प्रवास आठवणाऱ्याने हेही आठवावयास हवे की, गावच्या माणसाला त्या प्रवासावाचून पर्याय नव्हता.

रेमंड विल्यम्स यांनी ‘द कंट्री अँड द सिटी’ (१९७३) या ग्रंथात दाखविले आहे की, ग्रामजीवनाचा सुवर्णकाळ शोधू लागले की प्रत्येक पिढी तो आपल्या मागच्या पिढीत असल्याचे सांगते आणि ती मागची पिढी त्याही मागे बोट दाखविते. अलिबागच्या संदर्भात हे निरीक्षण तंतोतंत लागू पडते. तथापि, सुवर्णकाळ नव्हता एवढे सिद्ध केल्याने काहीच हरवले नाही असे सिद्ध होत नाही. काय हरवले, हे पाहण्यासाठी शब्दसंपत्तीकडे वळावे लागते.

४

अलिबाग-चौल-रेवदंडा या किनारपट्टीचे जुने नाव अष्टागर. आगर म्हणजे किनाऱ्यालगतची बाग. मीठ पिकविण्याची जागा तीही आगर, म्हणजे मिठागर. आगरी या समाजनामातही हाच शब्द आहे. गावाचे नावही, परंपरेने सांगितले जाते त्याप्रमाणे, अली नावाच्या गृहस्थाच्या बागांवरून पडले. बाग, आगर, वाडी हे शब्द येथे केवळ निसर्गवाचक नाहीत, तर श्रम आणि हक्क यांचेही ते वाचक आहेत.

‘वाडी’ हा शब्द पाहू. घरामागील विहीर, रहाट, पाट, ठरल्या दिवसांचे शिंपणे, माड आणि पोफळी यांची लागवड या सर्वांना मिळून वाडी म्हणतात. वाडीचे उत्पन्न, तिच्यातील वाटणी, तिच्यावरील कर्ज या भोवती कुटुंबाचा इतिहास गुंफलेला असतो. आज तोच शब्द शनिवार-रविवारच्या बंगल्याच्या फाटकावर नाव म्हणून कोरला जातो. शब्द टिकला, माडही काही ठिकाणी टिकले, परंतु शिंपणे गेले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि श्रीवर्धन, मुरूड व अलिबाग भागांतील नारळ-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. बंगल्याच्या मालकाच्या दृष्टीने त्या वादळात एक दृश्य नष्ट झाले. वाडीवाल्याची हानी अनेक वर्षांच्या उत्पन्नाची होती, कारण नवी पोफळ फळावर येण्यास काही वर्षे जावी लागतात.

खाडीकाठची शब्दसंपत्ती याहूनही अधिक धोक्यात आहे. खार, खाजण, बंदिस्ती, उघाडी हे शब्द एका तंत्राचे घटक आहेत. भरतीचे पाणी बांधाने अडवावयाचे, पावसाचे पाणी उघाडीतून ओहोटीला सोडावयाचे आणि खाऱ्या जमिनीतून भात काढावयाचा, असे ते तंत्र. ही बंदिस्ती एकट्याने राखता येत नाही. बांध फुटला तर साऱ्या गावाला धावावे लागते. जमीन विकली गेली की प्रथम ही सामुदायिक जबाबदारी संपते, नंतर उघाडी बुजते आणि शेवटी ‘उघाडी’ हा शब्द तरुण पिढीच्या तोंडून जातो. येथे स्मरणरंजनाला वाव नाही, कारण पाहुण्याला हा शब्द कधी माहीतच नव्हता. जे माहीत नव्हते त्याची हळहळ वाटणार कशी? म्हणून पर्यटकाच्या आठवणीत पुळण आणि सूर्यास्त असतात, उघाडी नसते.

५

अलिबागकडे जाणारा खुष्कीचा मार्ग पनवेल, पेण, वडखळ असा जातो. पनवेल हे या मार्गाचे प्रवेशद्वार. येथे जे आज घडते त्याची सावली पुढे अलिबागवर पडते. एके काळी पनवेलच्या खाडीत गलबते येत आणि घाटावरचा माल येथून मुंबईला जाई. १८५२ साली येथे नगरपालिका स्थापन झाली. १ ऑक्टोबर २०१६ रोजी महानगरपालिका झाली. १९७० साली सिडकोची स्थापना झाल्यावर ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादित करण्याचे ठरले. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात गोळीबार होऊन पाच जणांना प्राण गमवावे लागले. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू खुला झाला. उलवे टेकडी सपाट करून बांधलेल्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले.

पनवेलला पुळण नाही, म्हणून त्याच्याविषयी स्मरणरंजनात्मक लेखन फारसे झाले नाही. परंतु गतकातरतेचा विषय म्हणून पनवेल अलिबागहून तसूभरही कमी नाही. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने खाऱ्या जमिनीसाठी विकसित केलेल्या भातजाती ‘पनवेल १’, ‘पनवेल २’, ‘पनवेल ३’ या नावांनी ओळखल्या जातात. ज्या गावाचे नाव खाऱ्या जमिनीतील भाताला मिळाले, त्याच गावाभोवतीची खारजमीन मोठ्या प्रमाणावर भराव टाकून शहराखाली गेली, ही वस्तुस्थिती कोणत्याही अलंकाराविना पुरेशी बोलकी आहे. रम्यतेचा निकष लावला की असे नुकसान साहित्याच्या कक्षेबाहेर राहते, हा स्मरणरंजनाचा सर्वांत गंभीर दोष म्हणावा लागेल.

६

मराठी साहित्यात याहून वेगळी दृष्टी नाही असे नाही. पु. ल. देशपांडे यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’मधील अंतू बर्वा याला गावात वीज येण्याचे कौतुक नाही, उजेडात आपले दारिद्र्यच अधिक स्पष्ट दिसेल, असा त्याचा रोख आहे. वरवर पाहता हा नव्याला विरोध वाटतो. प्रत्यक्षात काळोखातील रम्यतेचा बुरखाच तो फाडतो. श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) या कादंबरीत खोती घराण्याचा उत्कर्ष आणि ऱ्हास अनेक पिढ्यांच्या पटावर येतो. तेथे भूतकाळ भव्य आहे, पण निर्मळ नाही. या दोन्ही कृतींत आठवण आहे आणि तिच्यासोबत हिशोबही आहे. वाचकाला त्या हळवे करतात, पण भाबडे होऊ देत नाहीत.

यावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, बदललेल्या गावाविषयीच्या लेखनाचे मूल्यमापन करताना लेखकाचे स्थान, म्हणजे तो पाहुणा, चाकरमानी की रहिवासी, हे तपासणे आवश्यक आहे. चाकरमानी या दोहोंच्या मधला आहे. त्याला गावाची ओढ रहिवाशाची असते, पण गाव त्याला सुट्टीत भेटते. दुसरा असा की, ‘स्मरणरंजन’ आणि ‘गतकातरता’ या संज्ञा समीक्षेने विवेकाने, भिन्न अर्थांनी वापराव्यात. तिसरा निष्कर्ष अध्यापनाशी संबंधित आहे. रायगड जिल्ह्यातील महाविद्यालयांतून पदव्युत्तर वर्गांसाठी खाडी, मिठागर, वाडी आणि मासेमारी यांतील शब्दांचे संकलन हा प्रकल्प म्हणून सहज घेता येईल. विद्यार्थ्यांच्या घरांतील वडीलधारी माणसे हेच त्याचे साधन आहे, आणि ते साधन दरवर्षी कमी होत आहे. शब्दाबरोबर तो कोणी, कोणत्या कामासाठी आणि केव्हापर्यंत वापरला, याचीही नोंद व्हावयास हवी.

‘अलिबागहून आला आहे काय?’ या प्रश्नाचे उत्तर आजवर शहरानेच गृहीत धरले. अलिबागहून, पेणहून, पनवेलच्या खाडीकाठाहून जे खरोखर आले त्यांच्याजवळ काय होते, हे त्यांच्या शब्दांत नोंदविले गेले, तर त्या प्रश्नाचे गंभीर उत्तर मराठीच्या अभ्यासाला देता येईल.