चेहरा नसलेली माणसे

‘ब्रूक्स’ नावाच्या जहाजाचे एक चित्र आपल्यापैकी काहींनी इतिहासाच्या पुस्तकात पाहिले असेल. लिव्हरपूल बंदराचे हे जहाज आफ्रिकेतून गुलाम भरून वेस्ट इंडीज बेटांकडे नेत असे. इ. स. १७८८ मध्ये ह्या व्यापाराच्या विरोधकांनी त्याचा आराखडा छापला. लाकडाच्या फळ्या रचाव्यात तशी माणसे त्यात ओळीने निजविलेली आहेत. त्याच वर्षीच्या कायद्याने ह्या जहाजास ४५४ गुलामांची मर्यादा घातली. तत्पूर्वी एका सफरीत सहाशेंहून अधिक कोंबले गेले होते. १८०७ साली ब्रिटिश पार्लमेंटने हा व्यापार बंद केला, त्या चळवळीस ह्या चित्राचे मोठे साह्य झाले.

तथापि त्यात एक उणीव राहिली. सर्व आकृती सारख्याच. कोणासही चेहरा नाही, नाव नाही. व्यापाऱ्याने माणसे मोजली ती लोभाने, चित्रकाराने मोजली ती दयेने. परंतु दोघांच्याही हाती शेवटी आकडाच उरला!

ही उणीव बेनिन देशाचे कलावंत रोम्युअल्द हाझूमे ह्यांनी ओळखली. १९९७ ते २००५ ह्या काळात त्यांनी सिद्ध केलेल्या कृतीचे नाव ‘राजाचे मुख’ असे आहे. बेनिनच्या ज्या किनाऱ्यावरून गुलाम जहाजांवर चढवीत, तेथील एका स्थळाचे हे नाव होय. २००७ साली ब्रिटिश म्युझियमने ही कृती विकत घेतली. तीत ब्रूक्सच्याच आकारात ३०४ मुखवटे मांडलेले आहेत. पेट्रोलचे जुने डबे कापून ते केले आहेत. डब्याची मूठ हे नाक, आणि डब्याचे तोंड हेच माणसाचे उघडे तोंड. एक मुखवटा दुसऱ्यासारखा नाही. आणि जवळ गेल्यावर आफ्रिकी भाषांतील नावे कानी पडतात.

डबेच का घेतले? नायजेरियातून बेनिनमध्ये चोरटे पेट्रोल आणणारे गरीब लोक असे डबे विस्तवावर धरून फुगवितात, म्हणजे त्यांत अधिक माल मावतो. फाजील ताणलेला डबा फुटतो, आणि वाहणाऱ्याच्या जिवावर बेतते. लोभापायी माणसास असेच ताणणे अद्याप थांबलेले नाही, हेच कलावंतास सुचवावयाचे आहे.

जहाजाच्या टोकास दोन राजे आहेत, एक गोरा व एक काळा. स्वकीयांचा दोषही हाझूमे झाकून ठेवीत नाहीत. मुखवट्यांजवळ तंबाखू, दारूच्या बाटल्या आणि कवड्या आहेत, कारण ह्याच वस्तू देऊन माणसे विकत घेतली जात. त्या काळी कवड्या मालदीव बेटांतून जात, आणि हिंदुस्थानात विणलेले सुती कापडही आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसांच्या मोबदल्यात दिले जाई. ज्या कोष्ट्याने ते विणले त्यास ह्याची वार्ताही नसेल. म्हणून ही कथा सर्वस्वी परक्यांची आहे, असे आपणांसही म्हणता येत नाही.

परीक्षेसाठी आपण सन आणि संख्या पाठ करतो, व ते अवश्य करावे. परंतु प्रत्येक संख्येमागे आईने हाक मारलेले एक नाव होते, एवढे ध्यानी राहिले, तरच तो इतिहास आपण शिकलो असे म्हणता येईल.