शिरोरेषा न मोडता अक्षरं वळवायची कशी?

सेमिनार, प्रोजेक्ट, गॅदरिंग, काहीही असो, पहिली स्लाइड झकास हवी असं प्रत्येकाला वाटतं. आणि झकास म्हणजे काय, तर कमानीसारखं वळलेलं टायटल! लग्नाच्या मांडवावर 'सुस्वागतम्' असतं ना, तसं. इंग्लिशमध्ये हे दोन मिनिटांचं काम आहे. मराठीत मात्र गंमत होते, आणि त्या गंमतीमागे चक्क आपलं फर्स्ट इयरचं गणित आहे. (माझं मराठी दहावीला लोअर लेव्हलचं, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका संपादकांच्या नावावर.)

आधी साधी रीत. पॉवरपॉइंटमध्ये इन्सर्ट, मग वर्डआर्ट, मजकूर टाइप करा. तो सिलेक्ट केला की वर फॉरमॅटचा टॅब येतो. त्यात टेक्स्ट इफेक्ट्स आणि सगळ्यात खाली ट्रान्सफॉर्म. इथे दोन गट दिसतील, फॉलो पाथ आणि वॉर्प. बहुतेक जण हे दोन्ही एकच समजतात आणि जे चित्र आवडेल त्यावर क्लिक करतात. पण सगळी मेख इथेच आहे.

फॉलो पाथमध्ये अक्षराचा आकार बदलत नाही. प्रत्येक अक्षर तसंच्या तसं उचलून, थोडं तिरकं करून, वर्तुळावर ठेवलं जातं. वॉर्पमध्ये अक्षराची बाह्यरेषाच वाकवली जाते, रबरावर लिहून रबर ताणावं तशी. इंग्लिश अक्षरं मुळातच सुटी, त्यांना फॉलो पाथने काही फरक पडत नाही. आपली अक्षरं मात्र शिरोरेषेला धरून असतात. कमान केली की प्रत्येक अक्षर आपापल्या दिशेला कलतं आणि वरची रेघ अक्षरागणिक तुटते.

किती तुटते? अक्षराची रुंदी w, तळापासून शिरोरेषेपर्यंतची उंची h, आणि तळ ज्या वर्तुळावर टेकलाय त्याची त्रिज्या r धरा. एका अक्षराच्या वाट्याला w/r रेडियन इतका कोन येतो. शिरोरेषा r+h त्रिज्येवर आहे, म्हणजे तिथे जागा झाली w + wh/r. पण अक्षर तर w एवढंच रुंद आहे! उरलेली wh/r ही फट. रुंदी आणि उंची दोन्ही 1 सेंमी आणि त्रिज्या 10 सेंमी असेल तर फट 1 मिमी. त्रिज्या 4 सेंमी केलीत तर अडीच मिमी, आणि प्रोजेक्टरवर तीच फट हाताएवढी दिसते.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? आमच्या वर्कशॉपमधले एक काका गेल्या वर्षी रिटायर झाले. तीस वर्षं त्यांनी लेथवर पोरांची बोटं सांभाळली. निरोपाला गावाहून त्यांच्या घरचे सगळे येणार होते. ज्युनियर्सनी हौसेने स्लाइड केली, वर काकांचं नाव आणि 'सेवानिवृत्ती सत्कार' अशी छान कमान. पण पडद्यावर वाचायला मिळत होतं 'से वा नि वृ त्ती'. नावाचेही तसेच तुकडे. कार्यक्रमाला तासभर होता. आम्ही तीच कमान वॉर्पमधून घेतली आणि रेघ जुळली. काकांची दुसरीतली नात पहिल्या रांगेत बसून आजोबांचं नाव मोठ्याने वाचत होती, न अडखळता. तेव्हापासून मी या फटीच्या मागेच लागले आहे.

तर उपाय. पहिला अर्थातच वॉर्प. त्यातही कमानीचे आकार आहेत. एक लक्षात ठेवा, वॉर्पमध्ये मजकूर चौकटभर ताणला जातो, त्यामुळे फॉन्ट साइज वाढवून काही होत नाही. चौकट ओढूनच अक्षर लहानमोठं करायचं. चौकट फार उंच केलीत तर अक्षरं बांबूसारखी होतात.

दुसरा उपाय मला जास्त आवडतो. कमान उलटी करा! फॉलो पाथमध्ये आर्च डाउन घेतलं की मजकूर हसऱ्या ओठांसारखा वळतो. आता अक्षरांची डोकी वर्तुळाच्या आत येतात, म्हणजे शिरोरेषा r-h वर. जागा उलट कमी पडते आणि रेघा एकमेकींवर चढतात. रंग एकच असला तर ते कळतही नाही. गोल शिक्क्याच्या खालच्या अर्ध्या भागात अशीच अक्षरं असतात, बघा. फक्त अक्षरांना आउटलाइन किंवा पारदर्शक रंग देऊ नका, नाहीतर चढलेल्या रेघा उघड्या पडतात. वरच्या मात्रा आणि रफारही एकदा तपासा.

आणि सरळ कमानच हवी असेल तर वर्तुळ मोठं घ्या. माझा हिशोब असा: टायटलची लांबी जेवढी, तेवढीच त्रिज्या. मग सगळं टायटल मिळून बरोबर एक रेडियन होतं, म्हणजे सुमारे 57 अंश, आणि शेवटचं अक्षर जेमतेम 28 अंश कलतं. शेवटच्या बाकावरूनही वाचता येतं. 15 सेंमीच्या टायटलला 30 सेंमीची चौरस चौकट लागेल. ती स्लाइडच्या खाली लोंबेल, लोंबू दे. मजकूर तेवढा सेंटरला ठेवा. चौकट चौरसच हवी बरं का! आडवी पसरट केली तर लंबवर्तुळ होतं, मधली अक्षरं सरळ राहतात आणि कडेची एकदम आडवी पडतात. राहिलेली बारीक फट कॅरेक्टर स्पेसिंग एक-दोन पॉइंटांनी कमी करून बुजवता येते.

शॅडो, ग्लो, थ्री-डी वगैरेंबद्दल मी काही लिहीत नाही, कारण ते वापरूच नये असं माझं प्रामाणिक मत आहे.

राहता राहिला फॉन्ट. युनिकोडच घ्या, मंगल किंवा निर्मला. जुन्या पद्धतीचे मराठी फॉन्ट दुसऱ्या मशीनवर नसले की तुमच्या टायटलच्या जागी भलतीच चिन्हं उमटतात, आणि सेमिनार हॉलमधल्या पीसीवर ते नसतातच. खात्री नसेल तर टायटलवर राइट क्लिक करून 'सेव्ह अॅज पिक्चर' करा आणि ते चित्रच स्लाइडवर लावा. मूळ मजकुराची स्लाइड मात्र पेनड्राइव्हवर वेगळी ठेवा, कारण नावातली वेलांटी चुकल्याचं हमखास आदल्या रात्रीच लक्षात येतं.