खाल्लेले अंगी का लागत नाही?

मुंबईतील वरळी कोळीवाडा तुम्ही पाहिला आहे का? किल्ल्याशेजारची ही कोळ्यांची जुनी वस्ती. घराला घर लागलेले, बोळ अरुंद, अनेक कुटुंबांना सार्वजनिक शौचालय वापरावे लागते. नळाला पाणी ठराविक वेळीच येते. म्हणून ते पिंपात, हंड्यात भरून ठेवायचे. ताटात मात्र मासळी, म्हणजे उत्तम प्रथिने! मग अशा घरातले बाळ भराभर वाढेलच, असे म्हणता येईल का?

नाही. अन्न पोटात जाणे आणि अंगी लागणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कशा, ते पाहू.

जन्मतः बाळ सुमारे ५० सेंटिमीटर लांब असते. पहिल्या वर्षात ते सुमारे २५ आणि दुसऱ्या वर्षात सुमारे १२ सेंटिमीटर वाढते. एवढ्या झपाट्याने ते पुढे कधीच वाढत नाही. आणि नेमक्या याच वयात ते रांगते व हाताला लागेल ते तोंडात घालते.

आतड्यात काय घडते?

लहान आतड्याच्या आतून मखमलीच्या लवेसारखे असंख्य बारीक उंचवटे असतात. पचलेले अन्न ते शोषून घेतात. विष्ठेतील जंतू पुन्हा पुन्हा पोटात गेले, की हे उंचवटे आखूड होतात, शोषण घटते. शिवाय जंतूंशी झुंजण्यातच शरीराची शक्ती खर्च होते. जुलाब झाले नाहीत तरी ही हानी चालूच राहू शकते, म्हणून ती लक्षातही येत नाही.

जंतू येतात कोठून?

महानगरपालिका पाणी शुद्ध करून त्यात क्लोरीन मिसळते. पण पाणी बंद झाले, की नळातील दाब उतरतो. गटाराजवळून जाणारा नळ फुटका असेल, तर घाण आत शिरते. उरलेले काम आपण पिंपात हात बुडवून करतो! आणखी एक गैरसमज म्हणजे बाळाची शी निरुपद्रवी असते. तिच्यातही रोगजंतू असतात. ती गटारात नव्हे, शौचालयातच टाकावी.

पुरावा काय सांगतो?

२००४ साली अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यात ६० गावांचा अभ्यास सुरू झाला. त्यांपैकी निम्म्या गावांत शौचालय वापरण्याची मोहीम राबवली. तेथील मुलांच्या उंचीत सेंटिमीटरभराहून थोडी अधिक भर पडल्याचे आढळले. उलट, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बांगलादेश व केनियातील प्रयोगांत पाणी, शौचालय व हात धुणे या उपायांनी उंची वाढली नाही; बांगलादेशात जुलाब मात्र घटले. मग स्वच्छता व्यर्थ का? मुळीच नाही. एकट्या घराने स्वच्छ राहून भागत नाही. सारी आळी स्वच्छ हवी, आणि आहारही पुरेसा हवा.

करून पाहा

तळहातांना तेल व चिमूटभर दालचिनीची पूड चोळा. आधी नुसत्या पाण्याने, मग साबणाने हात धुवा. फरक वहीत नोंदवा.

घरी पिंपावर झाकण ठेवा आणि पाणी लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढा. बाळाला भरवण्यापूर्वी व त्याची शी काढल्यावर साबणाने हात धुवा. जुलाब झाल्यास क्षारसंजीवनी द्या, दूध-अन्न बंद करू नका, आणि डॉक्टरांना दाखवा. धाकट्या भावंडाचा अंगणवाडीतील वाढीचा तक्ताही एकदा पाहून या. रेषा वर चढते आहे ना?